रस्त्याची कड

येडशीचा चौक मराठवाड्यातल्या बहुतेक माणसांनी एकदा तरी पाहिलेला असतो. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करीत बीडकडे जाणारा रस्ता आणि बार्शीहून ढोकी, मुरूड करीत लातूरला जाणारा रस्ता या गावाजवळ एकमेकांना भेटतात. त्यामुळे गाव लहान असले तरी त्याला निवांतपणा कसा तो नाही. अंबाबाईचे दर्शन घेऊन परतणारे भक्त, बार्शीच्या आडतीवर माल घालून रिकाम्या पोत्यांच्या घड्या काखेत मारून निघालेले शेतकरी, लातूरला शिकायला चाललेली पोरे, सणाला माहेरी निघालेल्या लेकीबाळी, असे सारे जग येथे चहाच्या एका कपापुरते थांबते आणि आपापल्या दिशेला निघून जाते.

धाराशिवपासून येडशी वीसेक किलोमीटर. उस्मानाबाद म्हणून आपण इतकी वर्षे ज्याला ओळखत होतो तो जिल्हा २०२३ सालापासून सरकारदरबारी धाराशिव झाला. जुन्या माणसांच्या तोंडी ते नाव आधीपासून होतेच. येडशीजवळ बालाघाटाचा डोंगर उतरू लागतो. तिथल्या दरीत रामलिंगाचे देऊळ आहे. सीतामाईला पळवून नेणाऱ्या रावणाशी जटायू येथेच झुंजला, असे भाविक सांगतात. श्रावणात ओढा वाहू लागला, झाडी हिरवी झाली, की दर्शनाला रीघ लागते. माकडांची तर चंगळच. हा सारा परिसर १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. देवळाच्या पायऱ्या उतरताना पाण्याचा आवाज कानी येतो आणि वर रस्त्याने जाणाऱ्या मालट्रकांची घरघरही.

ही मालाची ने-आण काही आजकालची नव्हे. ढोकीपासून जवळच, तेरणा नदीच्या काठी, तेर आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण तिथे जातो. पण गोरोबाकाकांच्याही हजारभर वर्षे आधी हे गाव मोठी पेठ होते. त्या काळी त्याचे नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली आहे. तीत तगरचे नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि तेथले कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराला जाते, असे तो लिहितो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही आपल्या या भागातून मालाच्या गाड्या चालतच होत्या. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळची मातीची भांडी, मूर्ती, मणी ठेवले आहेत. यात्रेला गेलात तर मुलाबाळांना अवश्य दाखवा.

पुढे रेल्वे आली. कुर्डूवाडीहून बार्शीपर्यंत १८९७ साली अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली आणि १९११ पर्यंत ती येडशीवरून लातूरला पोचली. ‘बार्शी लाईट’ म्हणत तिला. चढावर तिचा वेग इतका कमी होई, की माणूस खाली उतरून पुन्हा चढला तरी गाडी चुकत नसे, अशी गंमत जुनी माणसे अजून सांगतात. २००८ पर्यंत तिथे रुंद रूळ पडले आणि ती गाडी आठवणीत जमा झाली.

आता राज्य आहे ते डांबरी रस्त्याचे. जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. एक पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा करीत हैदराबादला जातो. त्याचा नंबर पूर्वी ९ होता, आता ६५ आहे. दुसरा सोलापूरहून तुळजापूर, येडशी, येरमाळा करीत बीड आणि पुढे धुळ्याकडे जातो. तो पूर्वीचा २११ नंबरचा, आताचा ५२. या दोन रस्त्यांनी अर्ध्या देशाचा माल जा-ये करतो. गाडीवानाला पूर्वी पुढच्या गावचा पाटील ओळखत असे. आजच्या ट्रक ड्रायव्हरला आपले गाव म्हणजे काचेपलीकडून मागे पळणारी एक पाटी, एवढेच. त्याला आपण ठाऊक नाही आणि आपल्याला तो ठाऊक नाही; पण आपली जनावरे, आपली पोरे आणि त्याची वीस-पंचवीस टनांची गाडी यांचा रस्ता मात्र एकच आहे. या एका रस्त्यावरून चालायचे कसे, हे दोघांनाही शिकावेच लागणार आहे.

२०१८ सालची एक घटना सांगतो. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, त्यामुळे सोयाबीनचा उतारा कमीच पडला होता. ढोकीच्या बाजूला माझी बहीण दिली आहे. दाजींनी रास केली, चोवीस कट्टे भरले, आणि बार्शीच्या बाजारात घालायचे ठरवले. गावातल्याच एका पोराची पिकअप भाड्याने केली. मी मुक्कामाला होतोच. मीही सोबत निघालो. पहाटे पाचला बहिणीने चहा दिला. जाताना तिने दाजींच्या हाती खरेदीची चिठ्ठी ठेवली. तीत पोरांचे कपडे, वही-पुस्तके, तेल, साखर आणि सगळ्यात शेवटी, जमले तर, स्वतःसाठी एक लुगडे असे लिहिले होते. वर्षाची सारी कमाई मागे हौद्यात होती आणि तिच्या वाटण्या आधीच होऊन गेल्या होत्या.

ढोकी सोडली तेव्हा झुंजुमुंजू व्हायचे होते. रस्ता दुपदरी, मध्ये दुभाजक नाही. पोरगा वयाने लहान, पण गाडी सांभाळून चालवत होता. भरलेल्या गाडीला चाळीसच्या वर जाऊ देत नव्हता. समोरून दिव्यांची एक जोडी येताना दिसली. एस.टी. होती, आपल्या बाजूने सरळ येत होती. ती दीडेकशे मीटरवर असेल, तोच तिच्या मागून दिव्यांची दुसरी जोडी बाहेर पडली आणि थेट आमच्या अंगावर येऊ लागली.

मालट्रक होता. एस.टी.ला मागे टाकायला तो आमच्या बाजूला आला होता. आमचे दिवे त्याला दिसत नव्हते असे नाही. पण त्याने दिवा खाली केला नाही, की वेग कमी करून एस.टी.च्या मागे परतला नाही. उलट कर्णा वाजवीत तसाच येत राहिला; जणू रस्ता त्याला आंदण दिला होता आणि बाजूला होणे हे काम आमचे होते.

डोळे दिपून गेले. दाजींनी माझा हात घट्ट धरला. पोराने करकचून ब्रेक मारला नाही. त्याने पाय उचलला, गिअर खाली घेतला, डावी चाके साईडपट्टीवर उतरवली आणि मग हळूहळू सारी गाडी डांबराखाली घेतली. पलीकडे एस.टी.च्या ड्रायव्हरनेही आपली गाडी कडेला दाबली. त्या दोघांच्या मधून तो ट्रक गेला. कानाशी वादळ यावे तसा वारा आला, उजव्या बाजूचा आरसा खळकन फुटला आणि मागचे कट्टे एका बाजूला सरकले. पुढच्या क्षणी सारे शांत झाले. ट्रक थांबला नाही. मागच्या फळीवर चिखल होता. नंबर कोणालाच वाचता आला नाही.

एस.टी. मात्र थांबली. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघेही धावत आले. “लागलं का वो कुनाला?” कंडक्टरने विचारले. कोणालाच लागले नव्हते. पोराचे पाय लटपटत होते. कंडक्टरने त्याला आपल्या बाटलीतले पाणी पाजले. एस.टी.चा ड्रायव्हर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “शाब्बास गड्या. ब्रेक दाबला असतास तर आडवा झाला असतास.”

गाडी पुढे काढायची म्हणून मी उतरून चार पावले चाललो. दिव्यांच्या उजेडात जे दिसले त्याने अंगावर काटा आला. पन्नास पावलांवर, नेमक्या त्याच साईडपट्टीवर आणि निम्म्या डांबरावर, कोणीतरी सोयाबीन वाळत घातले होते. वर ताडपत्री, आणि वाहनांनी चढू नये म्हणून कडेने डोक्याएवढे दगड मांडलेले. तो ट्रक तीन-चार सेकंद उशिरा समोर आला असता, तर आम्हाला उतरायला जागाच नव्हती. समोर ट्रक, उजवीकडे एस.टी., डावीकडे दगड.

दाजी बराच वेळ त्या राशीकडे पाहत उभे होते. मग म्हणाले, “पाव्हणं, ट्रकवाल्याचं पाप त्याच्या माथी. पन ही रास आपल्यातल्याच कुनाची तरी हाय.”

येडशीच्या चौकात चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर बीडकडचे एक वयस्क ट्रक ड्रायव्हर बसले होते. आमचा फुटलेला आरसा पाहून त्यांनी चौकशी केली आणि सगळे ऐकून घेतले. म्हणाले, “रातभर चालवून पहाटं डोळं जड होतात. थांबावं तर खेप चुकती, खेप चुकली की भाडं कापत्यात. ही आमची दशा. पन म्हणून समोरच्याच्या जिवावर उठावं, असं कुटं हाय? झोप आली तर चाक थांबवावं. पैका बुडाला तर पुन्हा येतो.” त्यांच्या बोलण्यात धंद्याची लाज होती आणि अभिमानही होता. सगळेच ट्रकवाले तसे नसतात, हे त्या बाकावर बसूनच कळले. ड्रायव्हरने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासच काम करावे, अशी मर्यादा १९६१ सालीच कायद्याने घालून दिली होती. पण रात्री सुनसान रस्त्यावर कायद्याची वही उघडून कोण बसतो?

त्या दिवशी सोयाबीन विकले गेले, खरेदी झाली, लुगडेही आले. पण माझ्या मनातून ते दगड काही जाईनात. म्हणून थोडा हिशेब मांडून पाहिला. तो तुमच्यापुढे ठेवतो. शाळेत जाणाऱ्या पोराकडून पडताळून घ्यायला हरकत नाही.

दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर मालवाहू गाडीला ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे. ६० चा वेग म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. समोरून आपण ४० ने येत असू, तर दोघांतले अंतर सेकंदाला जवळपास २८ मीटर या वेगाने घटते. दीडशे मीटरचे अंतर साडेपाच सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात ‘हा असा का वागतो?’ हा विचारही पुरा होत नाही. दुसरे असे, की भरलेल्या ट्रकला ६० च्या वेगातून थांबायला चांगला रस्ता आणि चांगले ब्रेक असले तरी ४५ ते ५० मीटर लागतात. रात्री खाली केलेल्या दिव्याचा उजेडही साधारण तेवढाच पडतो. म्हणजे दिवा नसलेली ट्रॉली किंवा बैलगाडी ड्रायव्हरला दिसते, तेव्हा थांबायला लागते तेवढेच अंतर उरलेले असते. तेही डोळा उघडा असेल आणि वेग ६० च असेल तर. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट काम करावे लागते. मग सज्जन ड्रायव्हरचाही इलाज चालत नाही.

आता सांगा, समोरचा माणूस बेफाम निघाला तर आपल्या हाती काय उरते? त्याचा वेग आपल्या हाती नाही. त्याची झोप आपल्या हाती नाही. आपल्या हाती उरते ती रस्त्याची कड. डांबराच्या बाजूची ती पाच-सहा फुटांची मातीची पट्टी मोकळी असली, तर बेसावध आणि बेपर्वा माणसापासूनही जीव वाचवता येतो. ती अडलेली असली, तर हुशार चालकही काही करू शकत नाही.

आणि ती अडवतो कोण? बहुतेक वेळा आपणच. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. रस्त्यावर रास वाळत घालण्यामागची अडचण आपण सारे जाणतो. पूर्वी प्रत्येकाचे खळे असे. शेणाने सारवलेले, मेढीभोवती बैल फिरत असलेले. मळणी यंत्र आले, बैल कमी झाले, वाटण्या होऊन रान तुकड्या-तुकड्यांत गेले, आणि खळे मोडले. अंगणात घर वाढले. मग ओला माल वाळवायचा कुठे? डांबर सपाट आहे, उन्हाने तापते, माती लागत नाही, आणि वाहनांची चाके फिरून फुकटात मळणीही होते. आडत्या ओलाव्यापायी भाव पाडतो, म्हणून माणूस रस्ता धरतो. हे सारे खरे. पण क्विंटलमागे वाचलेल्या शे-दीडशे रुपयांसाठी शेजारच्या घरचा कर्ता जाऊ शकतो, हेही तेवढेच खरे. मोटारसायकलवाल्यांसाठी तर डांबरावरचे सोयाबीन म्हणजे पायाखाली टाकलेले छर्रे. चाक घसरले की संपले.

यावर मार्ग नाहीत असे नाही. चार घरांनी मिळून एक मोठी ताडपत्री घेतली आणि पडीक रानाचा तुकडा सपाट करून चोपला, तर हंगामापुरते खळे तयार होते. गावात सिमेंटचा वाळवणीचा ओटा व्हावा, असा विषय ग्रामसभेत मांडता येतो. सभामंडप आणि कमानी यांना पैसा मिळतो, तर खळ्याला का मिळू नये? एकदा केलेला ओटा सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी अशा सगळ्या पिकांना वर्षभर उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट दगडांची. गाडी बंद पडली की आपण मागेपुढे दगड मांडतो. ते बरोबरच आहे. पण गाडी दुरुस्त झाली की माणूस निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्याला ते कसे दिसणार? गाडीत बसण्याआधी दगड उचलून शेताच्या बांधाला टाकायला एक मिनिटही लागत नाही. घरातल्या पोरांना ही सवय लहानपणीच लावावी. वाटेत असा दगड दिसला आणि आपल्याला घाई नसली, तर तो आपला नसला तरी उचलावा. त्यात पुण्यच आहे.

तिसरी गोष्ट उजेडाची. आपले आजोबा रात्री गाडी जुंपताना आसाखाली कंदील टांगायला विसरत नसत. तो कंदील त्यांना वाट दिसावी म्हणून नव्हता. बैलांना वाट ठाऊकच असे. तो होता आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून. आज आपल्याकडे ट्रॅक्टर आहेत, उसाच्या हंगामात एकामागे दोन-दोन ट्रॉल्या आहेत; पण मागे दिवा नाही. ट्रॉलीच्या फळीला, बैलगाडीच्या साट्याला आणि बैलांच्या शिंगांना चमकणारी लाल-पिवळी पट्टी लावून घ्या. ऊस फळीच्या बाहेर लोंबत असेल तर पट्टी उसाआड जाते, तेव्हा ती लोंबणाऱ्या मोळीलाच बांधा. ट्रॉलीचे चाक रात्री बसले, तर ट्रॉली कडेला तशीच सोडून घरी जेवायला जाऊ नका. निदान एक माणूस बॅटरी घेऊन मागे पन्नास-साठ पावलांवर उभा राहू द्या.

आणि कितीही जपले तरी अपघात घडलाच, तर जखमीला हात लावायला भिऊ नका. पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून लोक पूर्वी बघत उभे राहत. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दावा किंवा खटला होत नाही आणि त्याने आपले नाव सांगायलाच हवे अशी सक्तीही नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हे नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. अपघातानंतर पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरावीक दवाखान्यांत पैसे न भरता मिळावेत, अशी योजना २०२५ साली केंद्र सरकारने लागू केली आहे. ठोकर मारून वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरीही घरच्यांचे हात रिकामे राहू नयेत अशी सोय आहे. मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये भरपाई १ एप्रिल २०२२ पासून ठरली आहे. तिच्यासाठी तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. पोलिसांत नोंद करणे आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवणे मात्र विसरू नये.

आपल्या जिल्ह्याला रस्ता मोकळा करून द्यायची रीत नवी नाही. कोजागरीच्या पुनवेला सोलापूरकडून आणि पार कर्नाटकातून लाखो माणसे पायी तुळजापूरला येतात. बाया डोक्यावर बोचके, कडेवर लेकरू घेऊन रात्रीच्या चालतात. त्या दिवसांत जड वाहनांना दुसऱ्या वाटेने वळवतात. वाटेवरचे गावकरी रस्त्याची कड झाडून काढतात, दिवे लावतात, पाणी-चहा घेऊन उभे राहतात. आईच्या वाटेवरच्या माणसाला ठेच लागू नये, एवढीच त्यांची भावना असते.

पण बाजाराला निघालेला शेतकरी, शाळेला निघालेली पोर आणि माहेरी निघालेली लेक हेही कोणाच्या तरी डोळ्यांपुढचे वाटसरूच आहेत. खरिपाच्या राशी सुरू होण्याआधी एखाद्या संध्याकाळी चौघांनी मिळून आपल्या शिवेतली रस्त्याची कड पाहून यावी. कुठे दगड आहेत, कुठे काटेरी बाभूळ डांबरावर आली आहे, कुठे खचून खड्डा पडला आहे, ते पाहावे. हाताने होईल तेवढे तिथल्या तिथे करावे आणि उरलेल्याचा अर्ज बांधकाम खात्याला द्यावा. एका संध्याकाळचे काम आहे.